गाणे मध्येच का थांबते? प्रॉक्सीमागच्या घरगुती संगीत सर्व्हरच्या बाबतीत या चुका टाळा

फोंड्याच्या घरी जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नॅव्हिड्रोम हा संगीत सर्व्हर चालू आहे, पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची मागणी घेऊन मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ) म्हणून एनजिन्क्स बसवले आहे, आणि पणजीत बसून मोबाइलवर कॅसेटवरून उतरवलेल्या घुमट आरत्या ऐकायच्या आहेत. पान उघडते, अल्बमची चित्रे दिसतात, आरती मात्र सुरू होऊन मध्येच गप्प. अशा वेळी बहुतेक जण कुठून तरी उचललेल्या वीस ओळी प्रॉक्सीच्या फाइलीत ओततात. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे अजून कळलेलेच नसते.

आधी तीन ठिकाणांहून तेच गाणे लावून बघा. घरच्या वायफायवर, सर्व्हरचा अंतर्गत पत्ता आणि पोर्ट ४५३३ टाकून (नॅव्हिड्रोमऐवजी जेलिफिन हा सर्व्हर असेल तर ८०९६). मग घरूनच, पण डोमेनच्या नावाने. शेवटी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. पहिल्यातच अडले तर प्रॉक्सीचा संबंध नाही. डिस्क, फाइल किंवा सर्व्हर बघा. दुसरे अडले आणि तिसरे चालले, तर तुमचा राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारी वाट देत नाही, म्हणजे हेअरपिन नॅट नाही. घरातल्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत (पाय-होल, अ‍ॅडगार्ड होम) डोमेनला थेट अंतर्गत पत्ता देऊन टाका. दुसरे आणि तिसरे दोन्ही अडले, तर पुढचे प्रॉक्सीचे उपाय बघा. फक्त तिसरे अडले, तर त्याकडे शेवटी येऊ.

वेबपानाची सवय गाण्याला लावणे

एनजिन्क्सची मूळ ठेवण वेबपानासाठी आहे. मागच्या सर्व्हरकडून उत्तर झटपट उचलायचे, स्वतःजवळ साठवायचे आणि मागणाऱ्याला त्याच्या वेगाने द्यायचे. पान काही केबींचे असते तोवर हे उत्तम. कॅसेटची ४५ मिनिटांची एक बाजू मात्र सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलीत सुमारे ४७५ एमबी भरते. फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणारा प्रकार) केली तरी साधारण निम्मी. मेमरीतली जागा काही डझन केबींतच संपते आणि उरलेले तात्पुरत्या फाइलीत, म्हणजे डिस्कवर, लिहिले जाते. मूळ मर्यादा १ जीबी. पायमध्ये एसडी कार्ड असेल तर दर वेळी त्यावर हा मारा होतो.

उपाय: गाणी जिथून वाहतात त्या मार्गासाठी ‘प्रॉक्सी बफरिंग’ बंद करा (फाइलीत शब्दांमध्ये अंडरस्कोर). नॅव्हिड्रोम आणि सबसॉनिक पद्धतीची सगळी अ‍ॅप्स ‘रेस्ट’ या मार्गाखालून गाणी घेतात, म्हणून बदल फाइलीतल्या त्या मार्गाच्या ‘लोकेशन’ विभागातच करावा. बाकी पानांना बफरिंगचा फायदाच होतो.

आता यातली खोच. गाणे पॉज करून दारात आलेल्या पाहुण्याशी दोन मिनिटे बोललात, परत प्ले दाबले, थोडे वाजले आणि थांबले किंवा अ‍ॅपने सरळ पुढचे गाणे लावले. अ‍ॅप पॉजमध्ये डेटा उचलत नाही आणि एनजिन्क्सचा ‘सेंड टाइमआउट’ मुळात ६० सेकंदांचा आहे. तेवढ्या वेळात काहीच उचलले गेले नाही की जोडणी तुटते. तो ६०० सेकंद करा. ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’सुद्धा मुळात ६० च असतो, तो ३०० ठेवा: झोपलेली हार्डडिस्क जागी होऊन ट्रान्सकोडिंग (वाजवता वाजवता फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलणे) सुरू व्हायला कधी कधी वेळ लागतो.

लांब ध्वनिमुद्रणात सरळ तिसाव्या मिनिटाला जाता येत नसेल तर रेंज हेडर (फाइलीचा ठरावीक तुकडा मागणारी ओळ) तपासा. कर्ल या कमांडने फाइलीचे पहिले १०२४ बाइट मागा. उत्तर २०६ (फक्त तुकडा) आले तर ठीक, २०० (पूर्ण फाइल) आले तर वाटेत कोणीतरी रेंज गिळतो आहे. बहुधा तो ‘प्रॉक्सी कॅश’ असतो. कॅश चालू असताना एनजिन्क्स रेंज मागे पाठवत नाही, पूर्ण फाइल मागवतो. कॅश अल्बमच्या चित्रांपुरताच ठेवा. ट्रान्सकोड होणाऱ्या गाण्याची अंतिम लांबी आधी ठाऊक नसते, त्यामुळे तिथे पुढे-मागे सरकणे डळमळीतच राहते. त्यासाठी प्रॉक्सीला दोष देऊ नका.

ब्राउझरवर चालते, अ‍ॅपवर नाही

इथे दोन कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. एक, प्रॉक्सीवरच वेगळा पासवर्ड लावलेला. ब्राउझर तो विचारतो, अ‍ॅपला ते जमत नाही आणि ४०१ (प्रवेश नाकारला) येते. ‘रेस्ट’ मार्गावरून तो काढा; नॅव्हिड्रोमचे स्वतःचे लॉगिन तिथे असतेच. दोन, प्रमाणपत्राची अर्धी साखळी. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र सेवेच्या ‘सर्ट’ फाइलीऐवजी ‘फुलचेन’ फाइल द्यायची असते. ब्राउझर मधला दुवा स्वतः शोधून वेळ निभावून नेतो, अँड्रॉइड अ‍ॅप नेत नाही.

शक्यतो स्वतंत्र सबडोमेन घ्या. उपमार्गावर बसवायचेच असेल तर नॅव्हिड्रोमच्या ‘बेस यूआरएल’मध्ये तोच मार्ग लिहा आणि ‘प्रॉक्सी पास’च्या पत्त्याअखेर तिरकी रेघ देऊ नका, ती दिली की उपमार्ग कापला जातो आणि पांढरे पान दिसते.

वीज गेली, आली, आणि ५०२

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हा अनुभव ठरलेलाच. सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात, चालवत असाल तर कंटेनर नव्याने उठला की त्याचा अंतर्गत पत्ता बदलू शकतो. एनजिन्क्सने मात्र नावाचा पत्ता सुरू होताना एकदाच शोधून ठेवलेला असतो. म्हणून ५०२ (मागचा सर्व्हर सापडत नाही) दिसते; एनजिन्क्स रीलोड केले की ते जाते. एनजिन्क्सही कंटेनरमध्येच असेल तर कायमचा उपाय म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये रिझॉल्व्हर १२७.०.०.११ (डॉकरचा स्वतःचा डीएनएस) लिहा आणि मागच्या सर्व्हरचे नाव व्हेरिएबलमधून द्या. अशा वेळी ‘लोकलहोस्ट’ लिहू नका. तिथे त्याचा अर्थ एनजिन्क्सचा स्वतःचा कंटेनर.

दुसरी गोम बाहेरच्या हार्डडिस्कची. ती माउंट होण्याआधी (संगणकाला जोडली जाण्याआधी) सर्व्हर उठला तर त्याला रिकामा फोल्डर दिसतो आणि सगळी गाणी गायब झाल्यासारखी वाटतात. माउंट झाल्यावरच सेवा सुरू होईल अशी अट घाला. राउटर आणि सर्व्हर एकाच छोट्या यूपीएसवर ठेवलेले बरे.

फक्त बाहेरूनच अडते तेव्हा

राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पानावरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. पोर्ट ८० आणि ४४३ कितीही फॉरवर्ड करा, बाहेरून कोणी पोचणार नाही. केबलवाल्याकडे सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर टेलस्केल (आपल्या उपकरणांना थेट जोडणारे खासगी जाळे) वापरा. ऐकणारे घरचेच चार जण असतील तर टेलस्केल पुरे. मग प्रॉक्सीची गरजही राहत नाही.

पत्ता बरोबर असेल तर अपलोडचा वेग मोजा. एका फ्लॅकला साधारण १ एमबीपीएस लागतो. मोबाइल डेटावर ओपस (छोट्या आकाराचे ध्वनिस्वरूप) १२८ केबीपीएस ठरवून ठेवा.

आणि लॉगमध्ये ४९९ दिसले म्हणून दचकू नका. ऐकणाऱ्याने गाणे अर्ध्यावर बदलले, एवढाच त्याचा अर्थ. शोधायचे ते ५०२ आणि ५०४ (मागच्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिले नाही).