इंदुरात राहून मराठी वाचक कसे जोडावेत

इंदुरात मराठीत लिहिणाऱ्याचा वाचक दोन जागी असतो. एक राजवाड्याच्या आसपासचा, महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमात भेटणारा, नात्यागोत्यातला. दुसरा पुणे, नागपूर, कोल्हापूरकडचा. त्याने तुमचे नाव कधी ऐकलेले नसते. पहिल्यासाठी व्हॉट्सॲप वापरा, दुसऱ्यासाठी फेसबुक आणि इन्स्टाग्राम. एकच मजकूर तिन्हीकडे चिकटवला, तर तो कुठेच नीट पोचत नाही.

पण आधी कळफलक. इकडे पुष्कळांच्या फोनमध्ये फक्त हिंदी कळफलक असतो आणि तो 'नाही'च्या जागी 'नहीं' सुचवत राहतो. कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा वेगळी जोडा आणि लिहिताना तीच निवडा. 'ऱ्य' उमटवायला आधी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलंत (्), मग य. हे सांभाळले नाही, तर डोंगरातल्या 'दऱ्या'चा 'दर्या', म्हणजे समुद्र होतो, आणि अनोळखी मराठी वाचक पहिल्याच ओळीत बिचकतो. जुने लेखन श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. त्या फॉन्टची अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे तसेच चिकटवले की नुसता गिचमिड मजकूर दिसतो. बदलून झाल्यावर रफार, ऱ्य आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. रूपांतरात याच जागा हमखास घसरतात.

प्रोफाइलवर नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हींत असू द्या, कारण शोधताना लोक बहुधा रोमनमध्येच टाइप करतात. इन्स्टाग्रामच्या परिचयाला १५० अक्षरांची मर्यादा आहे. 'साहित्यप्रेमी, निसर्गप्रेमी' यात ती घालवू नका. काय लिहिता, कुठून लिहिता आणि पुस्तक कुठे मिळेल, एवढेच द्या.

आता मुख्य गोष्ट. पुस्तक आल्याची, सत्कार झाल्याची पोस्ट पाहून ओळखीचे अभिनंदन करतात. अनोळखी माणूस थांबतो तो उताऱ्यावर. म्हणून दहा पोस्टपैकी सात-आठ पोस्टमध्ये तुमचे लेखनच असू द्या. फेसबुक आणि इन्स्टाग्राम लांब मजकुराची सुरुवातच दाखवतात, बाकीचा घडी घालून ठेवतात. 'माझ्या नव्या कथेतील एक उतारा सादर करीत आहे' हे वाक्य तिथे टाकले, तर तीच जागा वाया जाते. थेट कथेतल्या वाक्याने सुरू करा. कथेचे नाव, पुस्तकाची माहिती शेवटी.

एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) साध्या खात्याला २८० अक्षरे मिळतात, पण काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे प्रत्येक वेगळे मोजले जाते. 'क्षितिज' हा शब्द दिसायला तीन अक्षरी, तिथे तो सात जागा घेतो. त्यामुळे मराठीची दोन-तीन वाक्येच बसतात. कविता असेल तर चित्र करून टाका.

चित्राचे माप १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवा. एका चित्रावर ६० शब्दांच्या वर जाऊ नका. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींतले अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी लागते, नाहीतर त्या एकमेकींत अडकतात. टिरो देवनागरी मराठी या मोफत फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. व्हिडिओची काही ॲप्स जोडाक्षरे फोडतात. अशा वेळी मजकुराचे आधी चित्र करा आणि ते व्हिडिओत घाला. नाव कोपऱ्यात नको, शेवटच्या ओळीला लागून लिहा. कोपरा सहज कापला जातो.

विषय सुचत नसेल तर शहर आहेच. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीला रात्रभर चालणाऱ्या झांक्या म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, सराफा बाजारातली रात्रीची खाण्याची गर्दी, आणि या सगळ्यात मराठी घरांतले हिंदी मिसळलेले बोलणे. पुण्याच्या वाचकाला अहिल्याबाई ठाऊक असतात, आजचे मराठी इंदूर फारसे ठाऊक नसते. ते तुमच्याइतके जवळून दुसरे कोण सांगणार?

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून कार्यक्रमात भेटलेल्या वाचकाला तिथल्या तिथे नंबर साठवायला सांगा आणि पाठवू का, हेही विचारा. आठवड्यातून एकदा पुरे. संदेश पुढे पाठवताना लेखकाचे नाव गळते, तेव्हा ते मजकुराच्या आतच, शेवटच्या परिच्छेदाला चिकटून असावे.

परिणाम पाहताना लाइक मोजू नका. इन्स्टाग्रामचे खाते प्रोफेशनल केले (त्याला पैसे पडत नाहीत), की पोस्ट किती जणांनी जपून ठेवली आणि किती जणांनी पुढे पाठवली, ते दिसते. महिनाभर ते दोन आकडे वहीत लिहा आणि ज्या प्रकारचा उतारा पुढे जातो, तो वाढवा.

दिवाळी अंकासाठी राखलेली कथा मात्र पूर्ण टाकू नका. संपादक अप्रकाशित साहित्य मागतात, आणि फेसबुकवर आलेले बरेच जण प्रकाशितच धरतात. शंभरेक शब्दांचा तुकडा द्यायचा असेल, तरी आधी संपादकांना विचारा. पूर्ण कथा अंक बाजारात येऊन गेल्यावर, त्यांच्या परवानगीने.