पेट्रोल गाडीचं कॅनिस्टर वर हलवताना

टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत न सोडता कोळशात धरून ठेवणारा काळा प्लास्टिकचा डबा म्हणजे कॅनिस्टर. बऱ्याच गाड्यांत तो मागे, टाकीशेजारी खाली असतो. डांबरी रस्त्याला ते ठीक. पण पाणंदीने वावरात जाणाऱ्या गाडीत तो पावसाळ्यात काळ्या मातीनं लिंपून जातो, आणि धुऱ्यावरची पऱ्हाटीची खुटं त्याचे पाइप ओरबाडतात. म्हणून तो वर हलवायचा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. डबा काढून पाइप बुजवून टाकू म्हणणाऱ्या मिस्त्रीचं मात्र ऐकू नका.

टाकी पाव भरलेली, इंजिन थंड, वेळ सकाळची, जागा मोकळी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, बिडी आणि वेल्डिंग लांब ठेवा.

डब्याला तीन तोंडं असतात: एक टाकीकडून, एक इंजिनकडे पर्ज व्हॉल्व्हला (डब्यातली वाफ इंजिनात सोडणारी झडप), एक बाहेरच्या हवेला. काढण्याआधी फोटो घ्या आणि प्रत्येक पाइपला वेगळ्या रंगाची टेप लावा. टाकीचा आणि पर्जचा पाइप उलटसुलट लागू देऊ नका.

नवी जागा टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीपेक्षा वर आणि सायलेन्सरपासून किमान वीतभर लांब हवी. डब्याची उभी-आडवी ठेवण मूळची तशीच ठेवा. डिकीत किंवा केबिनमध्ये बसवू नका. ब्रॅकेटसाठी भोक पाडायचं असेल तर टाकीच्या जवळ ड्रिल लावू नका. आधीचंच भोक शोधा.

पाइप इंधनाचाच घ्या, आतल्या मापाचा तंतोतंत. कूलरच्या पाण्याचा पाइप पेट्रोलच्या वाफेनं फुगतो, मग मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडच्या पंचेचाळीस अंशांत फाटतो. टाकीकडचा पाइप सतत टाकीकडे उतरता ठेवा. मधे झोळ पडला तर तिथं पेट्रोल साचून वाफेची वाट अडते.

सगळ्यात जास्त लक्ष हवेच्या तोंडाकडे द्या, कारण लोक तिथंच चुकतात. तो पाइप वर नेऊन तोंड खाली वळवा आणि मूळची जाळी किंवा फिल्टर पुन्हा लावा. उघडं तोंड दिसलं की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. हे तोंड बंद झालं की टाकीत ओढ तयार होते: झाकण उघडताना जोरात फुस्स होतं आणि हवा आत जाते. वाफ अडकली तर पंपावर नोझल पुन्हापुन्हा कट होतं.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं डबा साफ करू नका. आतली जाळी फाटून कोळशाचे दाणे पर्ज व्हॉल्व्हमध्ये जातात आणि तो उघडाच अडकतो. पर्जच्या तोंडातून काळे दाणे पडले तर डबा बदलाच. पेट्रोलनं भिजून जड झालेल्या डब्याचंही तेच. नोझल कट झाल्यावरही गळ्यापर्यंत भरत राहण्याची सवय याचं मोठं कारण.

जोडल्यावर इंजिन बंद ठेवून पर्ज पाइप डब्याकडून काढा आणि इंजिनच्या दिशेनं हलकं फुंका. हवा गेली तर व्हॉल्व्ह गळतोय. तोंडानं ओढू नका. पाइप परत लावा, सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. गाडी सुरू केल्यावर आयडलिंग वर-खाली होत असेल तर पर्जच्या क्लिपा आधी तपासा. गाडीचे एरर कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०४४१ म्हणजे पर्जचा प्रवाह चुकतोय, पी ०४५५ म्हणजे मोठी गळती. दुसऱ्यात आधी टाकीचं झाकण नीट बसलंय का ते पाहा.