मुरुमं कशी घालवावीत: घाई सोडून, पायरीपायरीने

आज आरशात दिसलेल्या मुरुमाची तयारी कातडीखाली काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालेली असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, त्यात मृत पेशी चिकटून छिद्राचं तोंड बुजतं. आत साठलेल्या तेलावर त्वचेवरचेच जिवाणू वाढतात, मग सूज आणि पू. ब्लॅकहेडचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, म्हणून तो घासून जात नाही.

तेव्हा आधी घासणं थांबवा. सौम्य फेसवॉशने, नुसत्या बोटांनी, दिवसातून दोनदा चेहरा धुवा. स्क्रब आणि टूथपेस्ट दोन्ही बंद. फोडणं तर नकोच, डाग त्यानेच राहतात. स्टेरॉइड असलेलं एखादं क्रीम लावत असाल तर ते डॉक्टरांना दाखवा. मुरुमांचं मूळ तेच असू शकतं.

रात्री अ‍ॅडापलीन ०.१ टक्का, म्हणजे छिद्रं बुजू न देणारं जेल. चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या. वाटाण्याएवढं जेल बोटावर घेऊन कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपके द्या आणि सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरा. नुसत्या मुरुमावर थापू नका, कारण हे औषध अजून न दिसलेल्या मुरुमांसाठी आहे. डोळ्यांच्या कडा, नाकाचे कोपरे, ओठ वगळा. सुरुवातीला एक दिवसाआड लावा, वरून मॉइश्चरायझर. कातडी सोलवटेल, मुरुमं वाढल्यासारखीही वाटतील. बहुतेकजण नेमकी इथेच ट्यूब टाकून देतात! फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे लावू नका.

सकाळी लाल मुरुमांसाठी जिवाणू मारणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड लावा, २.५ टक्के पुरे. जास्त तीव्रतेने आग तेवढी वाढते. टॉवेल पांढराच घ्या, रंगीत कापडाचा रंग उडतो. वर सनस्क्रीन. अँटिबायोटिक जेल एकटंच वापरू नये, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

दुखऱ्या गाठी, खड्डे, किंवा १२ आठवड्यांनंतरही जैसे थे असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केसही येत असतील तर ते आवर्जून सांगा, कारण संप्रेरकांत असू शकतं. हट्टी मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गुणकारी आहेत, पण गर्भात गंभीर व्यंग निर्माण करतात. मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातली एकसुद्धा घेऊ नका.