'यू'वाचून येणारा 'क्यू'

स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्यांतून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ खेळताना दहा गुणांचा 'क्यू' हाती येतो आणि इंग्रजीत त्याच्या पाठोपाठ बहुधा लागणारा 'यू' मात्र मिळत नाही, तेव्हा बहुतेकजण ती सोंगटी डाव संपेपर्यंत तशीच धरून ठेवतात. वास्तविक 'यू'च्या सोबतीवाचून चालणारे कितीतरी शब्द इंग्रजी शब्दकोशांत आहेत आणि त्यांतले काही आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. अरबीतील 'काफ' हे खोल घशातून उच्चारले जाणारे अक्षर रोमन लिपीत 'क्यू'ने लिहिण्याची रीत असल्यामुळे आपला काझी तिथे क्यू-ए-डी-आय होतो, फकीर एफ-ए-क्यू-आय-आर आणि बुरखा बी-यू-आर-क्यू-ए. बुरख्यात 'यू' आहे खरा, पण तो 'क्यू'ला चिकटून नाही.

सर्वांत आधी पाठ करावा असा शब्द मात्र चिनीतून आलेला आहे. क्यू-आय ही दोनच अक्षरे, उच्चार 'ची', अर्थ प्राणशक्ती. पटावर कुठेही जवळ 'आय' मोकळा असला की तो बसतो. क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये चघळली जाणारी, तरतरी आणणारी पाने. उच्चार 'कात'सारखा असला तरी आपल्या विड्यातल्या काताशी त्याचा काही संबंध नाही.