साथीच्या दिवसांत फळं धुताना

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून फळं आणली की पिशवी ओट्यावर ठेवू नका. आधी आपले हात साबणाने 20 सेकंद चोळून धुवा. साबण हातांपुरताच. फळांना साबण, डेटॉल, सॅनिटायझर कृपा करून लावू नका. ते सालीत मुरतं, पोटात जातं. वाहतं साधं पाणी पुरतं.

द्राक्षांना मात्र मी वेळ देते. घडाचे छोटे झुबके करते, चाळणीत घेऊन नळाखाली बोटांनी हलवत राहते, कारण देठाजवळ घाण अडकते. नळाला धार नसेल तर तांब्याने पाणी ओता. कलिंगड, पपईही कापण्याआधी धुवाच, नाहीतर सालीवरचं सुरीबरोबर गरात उतरतं. नातवंडांना द्यायचं असतं हो! खायची तेवढीच धुवा, ओली द्राक्षं लवकर सडतात.