घर सोडण्याआधी मोबाईलची आणि त्याच्या जोडसाधनांची तयारी

प्रवासाची बॅग आदल्या रात्री भरली तरी चालते, पण ज्याच्या आधाराने आपण वाचतो, ऐकतो, बोलतो किंवा मदतीला कुणाला हाक मारतो, त्या मोबाईलची तयारी किमान आठ दिवस आधी हाती घ्यावी. नवे ॲप हाताला बसायला, मागवलेली केबल यायला आणि न जुळणारे साधन बदलून घ्यायला दिवस लागतात, आणि चूक असलीच तर ती वापरतानाच कळते. परीक्षा, मुलाखत, रुग्णालयातला मुक्काम किंवा चार दिवसांचा प्रवास, अशा कोणत्याही निमित्ताने घराबाहेर राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी आणि तिच्यासोबत जाणाऱ्या माणसासाठी ही तयारी लिहिली आहे. सोबत्याने ती परस्पर उरकू नये. ज्याला ते साधन वापरायचे आहे त्याने स्वतः करून पाहिल्यावरच एखादी गोष्ट झाली असे धरावे.

पहिल्या दिवशी एवढेच करावे: मोबाईल आपल्यासाठी कोणकोणती कामे करतो ते लिहून काढावे आणि प्रत्येक कामापुढे, तो मार्ग बंद पडला तर दुसरा कोणता, हे लिहावे. अंध व्यक्तीच्या यादीत कागद वाचणे, पाटी वाचणे, वस्तू ओळखणे आणि रस्ता शोधणे ही कामे येतील. सीइंग एआय किंवा लूकआउट ही ॲप्स कॅमेऱ्यातून मजकूर वाचून दाखवतात. २०१५ मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालेल्या बी माय आइज या ॲपमध्ये व्हिडिओ कॉलवरून डोळस स्वयंसेवक समोरचे दृश्य सांगतो. यांतल्या काही सोयी मोबाईलमध्येच चालतात आणि काहींना इंटरनेट लागते. कोणती कशात मोडते हे ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून एकेक ॲप उघडून पाहणे. जे चालेल त्यावर खूण करावी, जे चालणार नाही त्यापुढचा दुसरा मार्ग रिकामा राहू देऊ नये, मग तो मार्ग शेजारी बसलेल्या माणसाला विचारण्याचा का असेना.

नवे ॲप विकत घेण्याआधी मोबाईलच्या सेटिंग्जमधला ॲक्सेसिबिलिटीचा विभाग वरपासून खालपर्यंत एकदा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर याच विभागात असतात: आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर २००९ मध्ये आले, अँड्रॉइडसाठी टॉकबॅकही त्याच वर्षी आले, आणि तेव्हापासून या विभागात भिंग, रंगबदल, स्विचने (पडद्याला हात न लावता दाबायच्या बाहेरच्या बटणाने) चालवण्याची सोय, आवाजाने चालवण्याची सोय अशी पुष्कळ भर पडली आहे. अनेकांनी पैसे मोजून घेतलेली सोय तिथे आधीपासून असते.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने आवाज आधी तपासावा. वाचणारा आवाज मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेला नसेल, तर नेट गेल्यावर वेगळाच आवाज लागतो किंवा एखादी भाषा वाचलीच जात नाही. मराठी आणि इंग्रजी मिसळलेला एखादा निरोप फ्लाइट मोडमध्ये ऐकून पाहिला की हे लगेच कळते. नंतर शॉर्टकट पाहावा: अँड्रॉइडमध्ये आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद दाबून धरली, किंवा आयफोनमध्ये बाजूचे बटण तीनदा दाबले, की नेमके काय सुरू होते ते आपणच ठरवून दिलेले असावे, कारण चुकून स्क्रीन रीडर बंद झाला तर तो परत लावण्याचा हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे. इअरफोन वायरचा आणि ब्लूटूथचा असा दोन्ही प्रकारचा घ्यावा, मोबाईलला ३.५ मिलिमीटरची खाच नसेल तर वायरच्या इअरफोनसाठी जोडणी निराळी घ्यावी लागते. रस्त्यावर दोन्ही कान झाकून चालणे धोक्याचे असते, म्हणून एकाच कानात इअरफोन घालावा किंवा गालाच्या हाडावर टेकणारा, कान मोकळे ठेवणारा प्रकार वापरावा.

सोबत्याला एक गोष्ट घरीच शिकवून ठेवावी. काउंटरच्या खिडकीपलीकडचा माणूस मदतीच्या भावनेने मोबाईल हातात घेतो, पडद्यावर बोट टेकवतो, मोबाईल काहीतरी बोलतो आणि काहीच उघडत नाही. मग तो अधिक जोरात दाबतो, आणि शेवटी मोबाईल बिघडला आहे असे सांगून परत करतो. स्क्रीन रीडर चालू असताना एकदा टेकवले की फक्त वाचले जाते, दोनदा झटपट टेकवले की उघडते, आणि पान सरकवायला अँड्रॉइडमध्ये दोन व आयफोनमध्ये तीन बोटे लागतात, एवढे सोबत्याला ठाऊक असले की ही फजिती टळते. पासवर्ड टाकताना पडदा काळा ठेवण्याची सोय दोन्हीकडे आहे. गर्दीत ती लावायची सवय घरातच करावी.

ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांना कळणाऱ्या उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारे साधन, नेणार असाल तर तो त्याच मोबाईलशी ब्लूटूथने आणि केबलनेही जोडून पाहावा, आणि मोबाईल एकदा बंद करून पुन्हा चालू केल्यावर जोडणी आपोआप येते का, ते बघावे. डिस्प्लेच्या ठिपक्यांच्या फटींत खाण्याचे कण किंवा क्रीमचा अंश गेला की एखादा ठिपका अर्धवट वर येतो, आणि अर्धवट ठिपका म्हणजे चुकीचे अक्षर. म्हणून हात पुसायचे कापड आणि झाकण त्याच पिशवीत असावे. डिस्प्ले बंद पडलाच, तर पडद्यावरच सहा बोटांनी ब्रेल लिहिण्याची सोय व्हॉइसओव्हर आणि टॉकबॅक या दोन्हींत आहे. तिचा सराव नसेल तर आठ दिवस त्यासाठी पुरतात. अल्पदृष्टी असलेल्यांनी भिंगाचे शॉर्टकट, रंग उलटे करण्याची सोय आणि उन्हातला प्रकाश तपासावा, आणि कॅमेऱ्याची काच पुसायला मऊ कापड घ्यावे.

कर्णबधिर व्यक्तीसाठी बोलणे लिहून दाखवणारी ॲप्स फार मोलाची ठरली आहेत. कर्णबधिरांसाठीच्या अमेरिकेतल्या गॅलॉडेट विद्यापीठाच्या सहकार्याने घडलेले गूगलचे लाइव्ह ट्रान्सक्राइब २०१९ मध्ये आले. मात्र अशा ॲपची परीक्षा शांत खोलीत घेऊ नये. पंखा आणि टीव्ही चालू असताना, दोन माणसे एकमेकांचे बोलणे तोडत असताना ते किती पकडते ते पाहावे, आणि मोबाईल बोलणाऱ्याच्या जवळ ठेवल्यावर काय फरक पडतो तेही पाहावे. तो फरक बहुधा मोठा असतो. आपली भाषा नेटशिवाय चालते का, हे तपासून तिची फाइल उतरवून घ्यावी. "मला ऐकू येत नाही, कृपया इथे लिहा किंवा सावकाश बोला" असे वाक्य मोठ्या अक्षरांत मोबाईलमध्ये आणि एका कार्डावर तयार ठेवावे. रात्रीच्या गजरासाठी उशीखालचे कंपन किंवा मोबाईलच्या दिव्याची उघडझाप, यांपैकी कशाने खरोखर जाग येते, हे झोपूनच ठरवावे.

श्रवणयंत्र मोबाईलला जोडलेले असेल, तर फ्लाइट मोड लावल्यावर ब्लूटूथ बंद झाले आहे का ते पाहून परत लावावे. यंत्र सेलवर चालत असेल तर सेलचा आकार लक्षात ठेवायला चिकटपट्टीचा रंग उपयोगी पडतो: १० क्रमांकाची पिवळी, ३१२ ची तपकिरी, १३ ची नारिंगी आणि ६७५ ची निळी. हे सेल हवेवर चालतात; पट्टी काढली की हवा आत शिरून ते चालू होतात, आणि पट्टी परत चिकटवल्याने वाचत नाहीत. त्यामुळे तयारी म्हणून आधीच पट्ट्या काढून ठेवणे म्हणजे सेल वाया घालवणे.

आता बोलण्यासाठी टॅब्लेट वापरणाऱ्यांविषयी, आणि इथे मी मुद्दाम अधिक थांबतो. चित्रांच्या किंवा शब्दांच्या चौकटींवर बोट ठेवून वाक्य बोलून दाखवणारे ॲप म्हणजे त्या व्यक्तीचा आवाज आहे, आणि त्यातला शब्दसंग्रह वर्षानुवर्षांच्या कष्टाने जमलेला असतो. म्हणून सर्वप्रथम त्या संग्रहाची बॅकअप फाइल काढावी, ती टॅब्लेटबाहेर दोन ठिकाणी ठेवावी, आणि दुसऱ्या एखाद्या उपकरणावर ती उघडून पाहावी. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये. नव्या जागेसाठी लागणारे शब्द, म्हणजे तिथल्या माणसांची नावे, खोल्या, औषधे, दुखण्याच्या जागा, आठवडाभर आधी भरावेत. ते भरताना जुन्या चौकटी जागच्या हलवू नयेत, कारण बोट शब्दाकडे जागेच्या सवयीने जाते आणि एक ओळ सरकली तरी सरावाचा माणूस अडखळतो.

शब्द निवडताना घरची माणसे बहुतेक वेळा "पाणी हवे", "बाथरूमला जायचे" एवढ्यावरच थांबतात, हे मी वारंवार पाहिले आहे. "थांबा", "नको", "पुन्हा सांगा", "मला विचारा, सोबतच्याला नको", "माझे बोलणे अजून संपलेले नाही" ही वाक्ये पहिल्याच पानावर हवीत. एक चौकट दाबली की पूर्ण वाक्य निघावे, कारण समोरचा माणूस घाईत असतो आणि जुळवलेले अर्धे वाक्य ऐकूनच उत्तर देऊन मोकळा होतो. आवाज गोंगाटात पुरत नसेल तर छोटा स्पीकर घ्यावा. पडद्यावर बसवायची भोके पाडलेली प्लॅस्टिकची जाळी वापरत असाल, तर ॲपमधल्या चौकटींची संख्या बदलू नये. ती बदलली की भोके आणि चौकटी जुळत नाहीत. हात चुकून दुसरीकडे लागून ॲप बंद होऊ नये म्हणून आयफोन किंवा आयपॅडमध्ये गायडेड ॲक्सेस आणि अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग लावता येते, पण त्याचा पासकोड सोबत्याइतकाच वापरणाऱ्यालाही माहीत असावा. टॅब्लेट बंद पडला तर मागे राहू नये म्हणून त्याच पानांचा कागदी फलक, त्याच क्रमाने छापून आणि लॅमिनेट करून, खुर्चीच्या खिशात ठेवावा.

हाताच्या हालचालीला मर्यादा असलेल्यांची तयारी मोबाईलच्या बाहेर सुरू होते. व्हीलचेअरला मोबाईल धरून ठेवणारा दांडा ज्या नळीवर बसतो तिची जाडी मोजावी, आणि दुसरी खुर्ची वापरावी लागणार असेल तर तिचीही. दांडा लावून दारातून जाऊन यावे, टेबलाखाली शिरून पाहावे, आणि खुर्चीतून पलंगावर जाताना तो आडवा येतो का तेही बघावे. योग्य कोन सापडला की सांध्यांवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात, म्हणजे अनोळखी माणसालाही तो तसाच लावून देता येईल. त्याचा पाना पिशवीत टाकावा.

स्विच बहुधा ३.५ मिलिमीटरच्या पिनेने जोडतात आणि त्याची वायर हा सर्वांत कच्चा दुवा असतो. ती चाकाजवळून गेली तर एका वळणात ओढली जाते, म्हणून मागच्या बाजूने नेऊन दोन ठिकाणी वेल्क्रोने बांधावी. ब्लूटूथचा स्विच काही वेळ न दाबल्यास झोपी जातो आणि पहिला दाब वाया जातो. हे माहीत नसले की यंत्र बिघडल्यासारखे वाटते. स्विच वापरताना पडद्यावर एक चौकट एकेका पर्यायावरून सरकत जाते आणि हव्या पर्यायावर आली की स्विच दाबायचा असतो; तिच्या सरकण्याचा वेग सकाळी वेगळा आणि थकलेल्या संध्याकाळी वेगळा लागतो, तेव्हा दोन्ही वेग लिहून ठेवावेत. थरथरणाऱ्या हातासाठी दाबून धरण्याचा कालावधी वाढवता येतो. काही मोबाईलमध्ये लागोपाठचे दुहेरी स्पर्श दुर्लक्षित करण्याची सोयही असते. तोंडात धरायच्या काठीचे टोक विद्युतवाहक नसेल तर मोबाईलचा पडदा तिला ओळखत नाही, आणि जाड संरक्षक काच लावल्यावर चालणारी काठीही रुसू शकते. काच आताच बदलली असेल तर काठी पुन्हा तपासावी. मोबाईल आवाजाने चालवणाऱ्यांनी घसा बसला तर काय, याचे उत्तर आधीच शोधावे.

विजेचा हिशेब सर्वांना सारखाच लागू आहे. मोबाईल, श्रवणयंत्र, ब्रेल डिस्प्ले, स्विच, स्पीकर अशी चार्ज होणारी साधने मोजावीत आणि प्रत्येकाची केबल नावाने ओळखावी. केबलच्या टोकाला उंचवट्याचा ठिपका चिकटवला तर ती बोटाला कळते. केबल खुपसता येत नसेल तर चुंबकाची टोके किंवा नुसते ठेवून चार्ज करणारा स्टँड घ्यावा. १०,००० मिलिअँपिअर-तासांची, ३.७ व्होल्टची पॉवर बँक ३७ वॉट-तासांची भरते आणि २०,००० ची ७४ ची. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा परवानगी न घेता हातातल्या सामानात नेता येते, आत टाकायच्या सामानात मात्र कधीही नाही.

शेवटचे पाच दिवस मोबाईलची आणि ॲपची स्वयंचलित अपडेट बंद ठेवावीत. एका अपडेटने बटणांची नावे हरवतात आणि स्क्रीन रीडर नुसते "बटण, बटण" वाचत राहतो, हे अनुभवाने सांगतो. परत आल्यावर अपडेट जरूर करावीत, कारण सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्यांतूनच येतात. लॉक असलेल्या पडद्यावरून उघडता येणाऱ्या तातडीच्या माहितीत औषधांची ॲलर्जी आणि जवळच्या माणसाचा नंबर भरावा. बोलण्याची किंवा ऐकण्याची पद्धतही तिथेच एका वाक्यात लिहावी.

निघण्याच्या तीन दिवस आधी एक संपूर्ण दिवस रंगीत तालीम करावी. नेलेल्या साधनांशिवाय दुसरे काही वापरू नये, दोन तास नेट बंद ठेवावे, एकदा मोबाईल पूर्ण बंद करून चालू करावा, आणि घरच्यांना न विचारता एक फोन, एक निरोप आणि एक अनोळखी कागद निभावून न्यावा. जिथे अडेल ते त्याच क्षणी लिहावे. उरलेले दोन दिवस फक्त त्या अडचणींसाठी ठेवावेत, त्यांत नवे ॲप घालू नये. निघायच्या सकाळी मोबाईल खिशात टाकण्यापूर्वी शॉर्टकट एकदा दाबून आवाज येतो का ते ऐकावे, स्विच एकदा दाबून पाहावा, आणि कागदी फलक खुर्चीच्या खिशात आहे का, हे हाताने चाचपून घ्यावे.