आधी इंग्रजीखालचा शब्द उकरा

वंशसंहारावर मराठीत लिहायला बसलात की समोरचा मजकूर बहुधा इंग्रजीच असतो. मरणाऱ्यांची भाषा युरोपातल्या ज्यूंची यिद्दिश असो, बोस्नियन असो की रवांडाची किन्यारवांडा, आपल्यापर्यंत सगळं त्याच गाळणीतून येतं. तेव्हा आधी इंग्रजीखाली मूळ शब्द कोणता होता तो शोधा.

हे मी चुकून शिकले. बोस्नियातल्या स्रेब्रेनिका गावावरच्या लेखात 'एथ्निक क्लेन्झिंग'चं मी 'वांशिक शुद्धीकरण' करून टाकलं होतं. खर्डा शेजारच्या बेने इस्रायली आजींना वाचून दाखवला. (बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागेत आता त्यांची मोजकीच घरं, पण मराठी आमच्याहून चोख.) तांदूळ निवडता निवडता त्या थांबल्या. "शुद्ध कोण झालं गं? मारणारे?" तो इंग्रजी शब्द मुळात सर्बो-क्रोएशियन 'एत्निच्को चिश्चेन्ये'वरून, म्हणजे 'वांशिक सफाई'वरून उचललेला. मारणाऱ्यांच्या बोलीवर मी वरून गोमूत्र शिंपडलं होतं. आता लिहिते: 'जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने ८,००० हून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले.' (बोस्नियाक म्हणजे बोस्नियातले मुस्लिम.)

त्यातला 'ने' बघा. इंग्रजीचं 'वेअर किल्ड' कर्त्याशिवाय भागवतं आणि आपलं 'मारले गेले' हे त्याचंच पिल्लू. 'ने' लावायला गेलं की कर्ता शोधावाच लागतो. सापडला नाही तर अजून वाचा.

रवांडाच्या १९९४ च्या नोंदींत 'वर्क' दिसलं तर 'कार्य' नको. मूळ शब्द 'गुकोरा', काम करणं. कोयते घेऊन निघणाऱ्यांच्या तोंडी मारण्याला तोच शब्द होता. आपण लावणीच्या सकाळी म्हणतो तेच 'कामाला लागा' अवतरणात ठेवा. ज्यांना मारायचं त्या तुत्सी समाजाला हे मारणारे 'इन्येन्झी' म्हणत. त्याचं सरळ 'झुरळ' करा, 'कीटक' नको.

'जेनोसाइड' मात्र इंग्रजीतच जन्मला. पोलंडहून अमेरिकेत आलेले ज्यू वकील राफाएल लेमकिन यांनी ग्रीक 'गेनोस'ला लॅटिन शेपूट जोडून तो घडवला, १९४४ मध्ये छापला. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करायचा हेतू त्यात लागतो. आकडा मोठा म्हणून 'वंशसंहार' लिहू नका. तिथे 'कत्तल' पुरते.

ज्यांच्यावर गुदरलं त्यांचा शब्द मिळाला तर तो घ्या. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराला आजी 'शोआ' म्हणतात, हिब्रूत 'महासंकट'. 'होलोकॉस्ट'चा मूळ ग्रीक अर्थ अख्खा जाळलेला बळी, देवाला वाहिलेला. तो त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

छापायला देण्याआधी इंग्रजी न येणाऱ्या माणसाला खर्डा मोठ्याने वाचून दाखवा. परवा आजींनी 'विस्थापन'वर अडवलं. "घरातून हाकललं म्हण की," म्हणाल्या आणि परत तांदळाकडे वळल्या.